इकडून नाही दिसलं तर

पाइनच्या लाकडाच्या चार कांड्या, प्रत्येक बोटाएवढी जाड, एकमेकींना शेजारी शेजारी जोडलेल्या. लांबी हातभर. पूर्ण वाळवल्या तेव्हा त्यांचं वजन बरोबर शंभर ग्रॅम भरलं होतं, म्हणून आता काट्यावर शंभराच्या वर जे दिसेल ते सगळं हवेतून मुरलेलं पाणी. एवढंच त्या वस्तूचं शास्त्र. जंगल खात्याची माणसं अशी जुडी डोंगरात ठेवतात आणि तिच्या वजनावरून पाचोळा किती सहज पेट घेईल ते ओळखतात. आराक्सी तेर्झियान मात्र ती सॅन फ्रान्सिस्कोत, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर, दोन विटांवर आडवी ठेवत असे. तिथे तिचा उपयोग काहीच नव्हता. शहरात धुकं असायचं आणि जुडी एकशे अठरा, कधी एकशे वीस भरायची. आज ती एकशे सहा भरली. म्हणजे वारा फिरला होता. समुद्राकडून यायचा तो आता डोंगरातून येत होता, वाटेतल्या प्रत्येक पानातलं पाणी काढून घेत. आराक्सीने जुडी उचलून पुन्हा ठेवली. एकशे सहाच. आणि त्याच क्षणी फ्रिज बंद पडला.

फ्रिजला आवाज असतो हे तो थांबल्यावरच कळतं. ओट्यावरचा दिवा गेला होता, चुलीवरच्या घड्याळाचे हिरवे आकडे गेले होते, फक्त वजनकाटा सेलवर चालणारा असल्यामुळे एकशे सहा दाखवत राहिला. त्या शांततेत तिला आधी फार बरं वाटलं. कोणीतरी खांद्यावरून जड पिशवी उतरवून घ्यावी तसं. खालच्या मजल्यावर कोणीतरी चमचा ठेवला तो ऐकू आला. तिचा स्वतःचा श्वास ऐकू आला. आणि श्वास ऐकू आला म्हणूनच तिला आत्या आठवली, आणि ते बरं वाटणं जागच्या जागी आंबलं. शाके आत्याच्या ट्रेलरमध्ये, त्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, अशी शांतता झाली तर तिचा अर्थ वेगळा असतो. तिथे फ्रिजच्या बरोबरीने एक करडं यंत्र घरघरत असतं, त्याची नळी आत्याच्या नाकाशी जाते, आणि ते थांबलं की आत्याच्या छातीत जे काही उरलं असेल तेवढ्यावर तिला भागवावं लागतं. दिवा परत आला. फ्रिज एकदा थरथरला आणि चालू झाला. गल्लीतली कुठलीतरी किरकोळ दुरुस्ती असेल. आराक्सी मात्र काटा हातात धरून तशीच उभी राहिली, कारण आपल्याला बरं वाटलं होतं हे तिच्या मनातून जाईना.

आज तिला मत द्यायचं होतं. राज्याच्या वीज आयोगावर पाच जण, त्यात दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या, आणि मधे ती. आयोगाची एक जुनी रीत होती: कुठल्याही सदस्याने बोट वर केलं की तो विषय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवायचा आणि त्याला कारण विचारायचं नाही. ही रीत तिला नेहमी सभ्य वाटत आली होती. विचार करायला वेळ हवा असेल तर तो मागताना सबब सांगायला लागू नये. पण तिने या विषयावर उन्हाळाभर बोट वर केलं होतं. गवत हिरवं होतं तेव्हा, ते पिवळं झालं तेव्हा, आणि ते पांढरं पडलं तेव्हाही. आता राखून ठेवायची मुदत संपली होती. प्रश्न सांगायला सोपा होता. डोंगरातून जोराचा कोरडा वारा येणार असला की वीज कंपनी तिथल्या तारांमधला करंट आधीच बंद करते, म्हणजे तार तुटली किंवा फांदीला घासली तरी ठिणगी पडणार नाही आणि वणवा लागणार नाही. हे कधी करायचं, कोणाला सांगून करायचं, याचे नियम आयोगाने ठरवायचे. एक मसुदा म्हणत होता की कंपनीने प्रत्येक मीटरमागे निरोप पाठवला की बस, पुढे ती बंद करायला मोकळी. दुसरा म्हणत होता की ज्या वस्तीत यंत्रावर जगणारी माणसं आहेत तिथे प्रत्येक घरातून उत्तर आल्याशिवाय बंद करायचं नाही.

मीटर मोजायचे की घरं, हा वाद बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल. पण आत्याच्या ट्रेलर वस्तीत सगळ्यांना मिळून एकच मीटर होता, जागामालकाच्या नावाचा. वस्तीच्या तोंडाशी, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, लोखंडी पेटीत. आत प्रत्येक ट्रेलरला मालकाने स्वतः तारा ओढून दिल्या होत्या. कंपनीच्या हिशेबात ती सगळी माणसं मिळून एक ग्राहक. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात वारा आला तेव्हा कंपनीने नियमाप्रमाणे त्या एका ग्राहकाला निरोप पाठवला. निरोप पोचलाही. मालक ॲरिझोनात मुलीच्या लग्नात होता. त्याने तो वाचला, आणि त्याला वाटलं की आपल्याला कळवलं तसं वस्तीतल्यांनाही कळवलं असेल. यात कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी आळस केला नव्हता. आराक्सीला सगळ्यात जास्त खुपायचं ते हेच. चूक शोधायला जावं तर प्रत्येकाने आपापलं काम केलेलं निघायचं.

ती दुपारची वेळ होती. आत्या जेवून आडवी झाली होती, कानातलं यंत्र काढून उशीजवळ ठेवलेलं. ती नेहमी म्हणायची, "दुपारी मला नाकातलं यंत्र पुरे, कानातलं नको. जग तेवढा वेळ गप्प बसलं तर काय बिघडतं?" वीज गेली. ऑक्सिजनच्या यंत्राने शिट्टी वाजवायला सुरुवात केली, ती आत्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. शेजारच्या ट्रेलरमध्ये राउतिओ म्हणून एक म्हातारा फिनिश सुतार राहतो. त्याचा रेडिओ बंद पडला. पुढचं राउतिओने आराक्सीला सांगितलं तेव्हा अगदी कंटाळल्यासारखं सांगितलं, जणू कोणाचा पत्ता सांगतोय. "रेडिओ गेला म्हणजे वीज गेली. वीज गेली म्हणजे शाकेचं यंत्र गेलं. मी दार वाजवलं. उत्तर नाही. काठीने वाजवलं. मग म्हटलं, बहिरी बाई, दार कितीही वाजवा. दाराची जाळी फाडली आणि आत गेलो." आत्या निळी पडायला लागली होती. त्याने कोपऱ्यातला सिलिंडर ओढला, नळी बदलली, आणि ती डोळे उघडेपर्यंत तिच्या पायांशी बसून राहिला. डोळे उघडल्यावर आत्याने त्याला पहिलं काय म्हटलं असेल तर, "धुळीचे बूट घालून गालिच्यावर? तुमच्याकडे बूट काढायची पद्धत नाही का?" "आहे," राउतिओ म्हणाला. "पण तुमच्याकडे दार उघडायची आहे का?" तेव्हापासून तो रोज संध्याकाळी काठीने तिच्या जाळीवर एकदा खर्रकन ओरखडा काढतो, आणि आत्या आतून ओरडते, "अजून आहे हो, अजून आहे!"

आराक्सी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून तिथे पोचली होती. वारा पडला होता, आकाश धुतल्यासारखं निळं, पण वीज आली नव्हती. तिला कारण माहीत होतं, तिने ते शेकडो वेळा कागदावर वाचलं होतं. वारा थांबला म्हणून लाइन चालू करता येत नाही. आधी प्रत्येक तार, दोन खांबांमधला प्रत्येक झोका, माणसाने डोळ्यांनी बघावा लागतो. पण वाचणं वेगळं. वस्तीमागच्या उतारावरून एक बाई आणि एक पुरुष चालत येताना तिने पाहिले. पिवळी जाकिटं, माना वर. कमरेएवढ्या काटेरी झुडपांतून, खाली न बघता. दहा-बारा पावलं टाकायची, थांबायचं, तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने चाचपायची, पुढे निघायचं. एका ठिकाणी ओकच्या झाडाआड तार दिसेनाशी झाली तेव्हा ती बाई थांबली, पाऊण टेकडी खाली उतरली, ओहोळ ओलांडून पलीकडच्या अंगाने पुन्हा वर चढली, आणि तिथून बघितलं. एवढ्याशा तारेसाठी. आणि ओरडली, "आहे रे! बसलीय तारेवर!" ओकची एक फांदी, मनगटाएवढी, तारेवर आडवी पडली होती. झाडाआडून ती कोणालाच दिसली नसती. न बघता करंट सोडला असता तर त्या पांढऱ्या गवतावर काय पडलं असतं हे आराक्सीइतकं कोणाला माहीत नव्हतं. विद्यार्थिदशेत तिने दोन वर्षं हेच केलं होतं. काचेच्या लांब बोगद्यात पंख्याने वारा सोडायचा, वरून तारेच्या धातूचा वितळलेला थेंब टाकायचा आणि खालच्या वाळक्या गवतात तो काय करतो ते बघायचं. थेंब मोहरीएवढा. पडताना तो पांढरा दिसायचा, पडल्यावर दिसायचाच नाही, आणि मग गवताच्या एका काडीचं टोक लाल व्हायचं. तिला ते त्या वयात सुंदर वाटायचं. पुढे आत्याचं लाकडी घर, जर्दाळूची सगळी झाडं, पितळी भांडी, आजोबांची चटई, असं सगळं एका घासलेल्या तारेपायी गेलं, आणि आत्या ट्रेलरमध्ये आली, तेव्हापासून सुंदर हा शब्द तिने त्या थेंबासाठी वापरला नाही.

आत्याने त्या दोघांना बोलावून गॅसवर कॉफी करून दिली होती. छोट्या पितळी भांड्यात, तीनदा फेस वर येऊ देऊन. आगीतून वाचलेलं तेवढं एकच भांडं. त्या बाईचं नाव रेनाटा. हातावर ओरखडेच ओरखडे. आराक्सीने तिला विचारलं होतं, "तुम्ही ओहोळ ओलांडून पलीकडे गेलात. तसा नियम आहे का?"

"नियम बघायचा आहे," रेनाटा म्हणाली. "कुठून बघायचं ते नाही लिहिलेलं. इकडून नाही दिसलं तर पलीकडून बघायचं."

"आणि पलीकडूनही नाही दिसलं तर?"

"तर नाही दिसलं म्हणून कळवायचं. मग वरचे ठरवतात." तिने कॉफीचा गाळ बघितला आणि कप खाली ठेवला. "त्यांचा पगार त्याचाच असतो ना?"

तिचा सोबती हसला. आराक्सीही हसली. आपण कुठे काम करतो हे तिने सांगितलं नाही.

आता तिच्या स्वयंपाकघरात, वीज येऊन गेल्यामुळे, चुलीवरच्या घड्याळात बारा वाजून शून्य मिनिटं लुकलुकत होती. ती ते नीट न करताच निघाली. उतारावरून चालताना वारा पाठीवर येत होता, कोरडा आणि उबदार, शहरात नको तितका. या वाऱ्यात धुराचा वास नसला तरी तो येईल असं वाटत राहतं. रविवारी फोनवर आत्याला तिने सगळं सांगितलं होतं, नावं न घेता, जसं कोणालाही सांगता येईल तसं. आयोगाच्या वकिलाला तिने आधीच विचारून घेतलं होतं की आपली आत्या अशा वस्तीत राहते, तर आपण या विषयात बसावं का. त्याने विचार करून सांगितलं होतं की कायद्यात आत्या हा हितसंबंध धरत नाहीत. हे आत्याला सांगितलं तर ती खूप वेळ हसत राहिली, मग खोकली, मग म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. आत्यापासून कोणाचं हित झालंय?"

"आत्या, चेष्टा नको. मी काय करू ते सांग."

"मी कशाला सांगू? मी काय निवडून आले का?"

"मीही निवडून नाही आलेले. नेमलंय मला."

"मग नेमलेल्यासारखं वाग. हे बघ आराक्सी, उत्तर येईपर्यंत बंद करायचं नाही म्हणता, आणि मी बहिरी. मी झोपलेय, वारा सुटलाय, तुमचा माणूस दारात उभा, मी उत्तर देत नाही. तो काय करणार? तार चालूच ठेवणार? माझ्या एकटीच्या नाकासाठी सगळा डोंगर? एकदा घर जळलेलं बघितलंय गं मी. जळताना आवाज येतो, कानात यंत्र नसलं तरी येतो."

"आणि उत्तर न येता बंद केलं तर तू..."

"तर राउतिओ आहे. तो आणि त्याचे घाणेरडे बूट." मग आत्या म्हणाली, "पण दार वाजवा तरी. कोणीतरी यावं, वाजवावं. आम्हाला एक म्हणून मोजू नका. तेवढं पुरे मला."

आयोगाच्या इमारतीत, लिफ्टसमोर, प्रुइट भेटला. डेल्बर्ट प्रुइट, निरोप पाठवला की बस या मसुद्याचा कर्ता, आधी तीस वर्षं अग्निशमन दलात होता. "काय तेर्झियानबाई, आज पण राखून ठेवणार? लोणचं मुरतंय तुमचं."

"आज राखता येत नाही."

"म्हणूनच आलो इस्त्रीचा शर्ट घालून." लिफ्टमध्ये तो आकड्यांच्या पट्टीकडे बघत हळू म्हणाला, "मी तुम्हाला अडवत नाही. पण त्या दुसऱ्या मसुद्यात एक दार उघडलं नाही की अख्खा डोंगर मोकळा पेटायला. मी अशा डोंगरातून माणसं बाहेर काढली आहेत. सगळी नाही काढता आली." तिला या माणसाचा राग यावा असं पुष्कळदा वाटलं होतं आणि तो कधी आला नाही. तो खरं बोलत होता. त्याच्या विरुद्ध बाजूचे दोघंही खरंच बोलत होते.

सभागृहात आधी लोकांचं बोलणं. ज्याला बोलायचं असेल त्याने यावं, एक-दोन मिनिटं बोलावं. आराक्सीला आयोगाच्या कामातला हा भाग सगळ्यात जास्त आवडायचा, आणि हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण इतर सदस्य या वेळात कागद चाळतात. अध्यक्षबाई मात्र चाळत नसत. पांढऱ्या केसांच्या, ताठ बसलेल्या, प्रत्येकाचं नाव नीट विचारून उच्चारायच्या, आणि वेळ संपल्याचा लाल दिवा समोर लागला तरी माणसाला वाक्य पुरं करू द्यायच्या. कोणी शिव्या दिल्या तरी शेवटी "आलात, बरं केलंत" म्हणायच्या, आणि ते त्यांना खरंच वाटायचं. आज एक मधमाश्या पाळणारा माणूस म्हणाला, "माझं घर जळलं, धुराडं तेवढं उरलं. बंद करा. दर आठवड्याला बंद करा. मी मेणबत्तीत राहीन, पण बंद करा." त्याच्या मागून एक तरुण बाई आली, तिचा नवरा घरीच यंत्रावर रक्त शुद्ध करून घेतो. ती म्हणाली, "मेणबत्तीवर रक्त शुद्ध होत नाही, साहेब." मधमाश्यावाला जागेवरून वळला. आता भांडण होणार असं वाटलं. पण तो म्हणाला, "नाही होत. माझ्या लक्षात नाही आलं, माफ करा. कुठे राहता तुम्ही?" तिने गावाचं नाव सांगितलं. "अहो, म्हणजे आमच्या पलीकडच्या अंगाला!" अध्यक्षबाईंनी दोघांना बोलू दिलं. लाल दिवा लागलेलाच होता.

पलीकडच्या अंगाला. आराक्सीने हे शब्द ऐकले आणि तिला ओहोळ ओलांडून चढणारी रेनाटा दिसली, मान वर, पाय काट्यांत. तार चालू करण्याआधी माणूस डोळ्यांनी बघतो, आणि त्याला लागणाऱ्या वेळाबद्दल कोणी तक्रार करत नाही, प्रुइटसुद्धा नाही. मग तार बंद करण्याआधी का नाही? वारा येणार हे तर दोन दिवस आधी कळतं. चालणारी माणसंही आहेत. इकडून नाही दिसलं तर पलीकडून. दार उघडलं नाही तर शेजारचं दार. राउतिओला काय माहीत होतं? एवढंच, की शेजारची बाई बहिरी आहे. हे कुठल्याही मीटरमध्ये दिसत नाही, आणि वस्तीत कोणालाही विचारलं तर सांगतात. इतका वेळ तिला दोन मसुद्यांत निवड करायची आहे असं वाटत होतं. पण तिच्यासमोर आता दार ठोठावणं आणि उत्तर मिळणं यांतलं अंतर होतं, आणि त्या अंतरात नेमकी आत्या झोपलेली होती, कानातलं यंत्र उशीजवळ ठेवून. दार वाजवतील. ती ऐकणार नाही. शेजारी विचारतील. आणि राउतिओ त्या दिवशी लाकूड आणायला गेलेला असला तर? आराक्सीने हा प्रश्न मनात एकदा पूर्ण होऊ दिला. मग पुन्हा एकदा. पलीकडूनही नाही दिसलं तर काय, हे रेनाटाने सांगितलं होतं: नाही दिसलं म्हणून कळवायचं, वरचे ठरवतात.

वरचे म्हणजे ही पाच जणांची ओळ, पाण्याचे ग्लास, नावाच्या पाट्या. मधमाश्यावाला आणि ती तरुण बाई आता शेजारी शेजारी बसली होती. अध्यक्षबाईंनी विषयाचा क्रमांक वाचला, दोन्ही मसुदे वाचले, आणि तिच्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. एवढे महिने त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की कशासाठी राखून ठेवताय. "सदस्य तेर्झियान. आता राखून ठेवता येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे." तिने समोरचं बटण दाबलं. माइकवरचा बारीक दिवा लागला. ती म्हणाली, "मी दुसऱ्या मसुद्यात दुरुस्ती मांडते आणि दुरुस्तीसह त्याच्या बाजूने मत देते. मीटर मोजायचे नाहीत, दारं मोजायची. वारा येण्याआधी कंपनीचा माणूस प्रत्येक दाराशी चालत जाईल आणि ठोठावेल. उत्तर नाही आलं तर शेजारच्या दाराशी जाईल आणि विचारेल." प्रुइटने मान वर केली. ती थांबली. सभागृहात इतकी शांतता होती की वरच्या दिव्यांची गुणगुण ऐकू येत होती, आणि या वेळी तिला बरं वाटलं नाही. "आणि तिथूनही काही कळलं नाही," ती म्हणाली, "तरी तार बंद करायची."